टगने ओढलेल्या बार्जवरचा माल बुडाल्यास भरपाई कोणाकडून आणि कशी मागावी

स्वतःचे इंजिन नसलेली बार्ज, तिला ओढणारा टग आणि बार्जवर चढवलेला माल, या तिन्हींचे मालक बहुतेक वेळा निरनिराळे असतात. दोर तुटून बार्ज खडकावर गेली किंवा भर समुद्रात उलटली, की बार्जवाला टगच्या तांडेलाला दोष देतो, टगवाला बार्जच्या गळक्या तळाकडे बोट दाखवतो, आणि ज्याचे खरे नुकसान झाले तो व्यापारी किंवा कारखानदार दोघांनाही पत्रे धाडत राहतो. दरम्यान दाव्याची मुदत सरत जाते. हा लेख त्या तिसऱ्या पक्षासाठी, म्हणजे मालाच्या मालकासाठी आहे. मुंबई बंदर, धरमतर, जयगड किंवा गोव्यातील मांडवी-झुवारीच्या पट्ट्यात मोकळा माल नेणाऱ्या बऱ्याच बार्ज आता स्वतःच्या इंजिनावर चालतात आणि त्यांना पुढील विवेचनाचा काही भाग लागू होणार नाही; पण अवजड यंत्रे, पुलाचे गर्डर, खडी, पाइप असा माल आजही इंजिनविरहित बार्जवर ठेवून टगच्या मागे ओढत नेला जातो, आणि वाद उभे राहतात ते मुख्यतः अशाच फेऱ्यांवरून.

कायद्याविषयी एक खुलासा आधीच करायला हवा. पाण्यावरून ओढून नेण्याच्या व्यवहारासाठी भारतात स्वतंत्र असा एक कायदा नाही. भारतीय करार कायदा १८७२, समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये संमत केलेला कायदा, अ‍ॅडमिरल्टी कायदा (सागरी दावे आणि जहाजजप्तीचा) २०१७, अंतर्देशीय जहाजे कायदा २०२१ आणि मर्चंट शिपिंग कायदा यांच्यातून नियम वेचून काढावे लागतात. जिथे भारतीय निकाल थोडे आहेत तिथे आपली न्यायालये इंग्लंडमधील निकालांचा आधार घेतात. अमेरिकेतील निकाल बंधनकारक नसले तरी या विषयातील सर्वांत उद्बोधक खटले तिथलेच आहेत, म्हणून त्यांचाही उल्लेख येईल.

पहिले काही तास

अपघाताची बातमी कळताच टगचा मालक, बार्जचा मालक, ज्याने मालाची पावती किंवा बिल ऑफ लेडिंग (माल नौकेवर चढल्याचा वाहकाचा दस्त) दिले तो, आणि विमा कंपनी या चौघांना त्याच दिवशी स्वतंत्र लेखी सूचना पाठवावी. सूचनेत दोष कोणाचा याची चर्चा करू नये. माल कोणता, किती, कुठून कुठे चालला होता, काय घडल्याचे समजले, नुकसानीसाठी आपण त्यांना जबाबदार धरत आहोत आणि संयुक्त पाहणीसाठी त्यांनी सर्व्हेअर पाठवावा, एवढेच लिहावे. घाईत लिहिलेल्या पहिल्याच ई-मेलमध्ये 'वादळामुळे अपघात झाला' असे वाक्य जाते आणि पुढे दोन वर्षे समोरचा वकील तेच वाक्य वाचून दाखवतो. तेव्हा कारणाविषयी मौन पाळणे शहाणपणाचे.

दुसरे काम पुराव्याचे. दोर तुटला असेल तर तुटलेली टोके हा सर्वांत मोलाचा पुरावा असतो आणि सर्वांत आधी नाहीसाही तोच होतो, कारण खलाशी उरलेला दोर कापून डेक मोकळा करतात. झिजून तुटलेला, अचानक ताणाने तुटलेला आणि धारेवर घासून कापला गेलेला दोर वेगवेगळा दिसतो आणि जाणकार सर्व्हेअरला तो फरक ओळखता येतो. म्हणून दोन्ही टोके सर्व्हेअरच्या ताब्यात मोहरबंद राहतील अशी लेखी मागणी पहिल्याच सूचनेत करावी. त्याचबरोबर टगचे लॉगबुक, इंजिनाच्या नोंदी, जीपीएसचा मार्ग, एआयएसची (नौकेचे ठिकाण आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेची) माहिती, बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षाकडील व्हीएचएफ रेडिओवरील संभाषण आणि त्या दिवसांची हवामानपत्रके जपून ठेवण्याची मागणी संबंधितांकडे नोंदवावी. यांपैकी बरीचशी माहिती यंत्रांवर ठरावीक काळच राहते आणि नंतर तिच्यावर नवी माहिती लिहिली जाते. मोबाइलवरील संदेश, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे न्यायालयात मांडायची तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वर्षभराने तयार करण्यापेक्षा ज्याच्या उपकरणात माहिती आहे त्याच्याकडून लगेच घेतलेले बरे.

तिसरे काम उरलेला माल वाचवण्याचे. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय तुमच्या हाती होते हे पाहिले जाते, आणि विमा पॉलिसीतही तसे कर्तव्य असते. वाचवण्याचा रास्त खर्च पुढे दाव्यात घालता येतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. ज्या टगने बार्ज ओढायची होती तोच टग अपघातानंतर 'तारणा'चा (सॅल्व्हेज, म्हणजे संकटातली नौका किंवा माल वाचवण्याचा) करार पुढे करून मालाच्या किमतीचा हिस्सा मागू लागला, तर सही करण्याआधी वकिलाला विचारावे. ओढण्याच्या कराराखाली जे करणे त्याचे कर्तव्यच होते, त्यासाठी तारणाचे बक्षीस मिळत नाही. कर्तव्याच्या पलीकडची कामगिरी केली असेल तरच ते मिळते. १८६१ मधील 'मिनेहाहा' या इंग्रजी खटल्यापासून हे तत्त्व स्थिर आहे आणि १९८९ च्या आंतरराष्ट्रीय तारण करारातही आहे.

करार ओढण्याचा होता की वाहतुकीचा

संपूर्ण प्रकरणाचा मर्म इथे आहे. टगवाल्याने तुमचा माल पोहोचवण्याची जबाबदारी घेतली होती, की केवळ तुमच्या ताब्यातली बार्ज ओढण्याची? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुरावा कोणी द्यायचा, कोणते बचाव मिळतात आणि मुदत किती हे सगळे अवलंबून राहते.

तुम्ही बार्ज एकाकडून आणि टग दुसऱ्याकडून भाड्याने घेतला असेल, तर टगवाल्याशी झालेला करार ओढण्याचा आहे. अशा करारात टगवाला यशाची हमी देत नाही. योग्य टग, योग्य सामान, कुशल माणसे आणि पुरेशी खटपट एवढेच तो कबूल करतो, असे 'मिनेहाहा'त ठरले. तो मालाचा ताबेदार (बेली, म्हणजे दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन सांभाळणारा) ठरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये 'व्हाइट सिटी' या टगच्या खटल्यात हेच सांगितले: ओढली जाणारी नौका सुस्थितीत हवाली केली आणि ती नुकसान होऊन परत आली, एवढ्याने टगचा दोष सिद्ध होत नाही, तो दावा करणाऱ्याने सिद्ध करायचा. मालाच्या मालकासाठी ही सर्वांत अवघड स्थिती होय, कारण समुद्रात काय घडले ते सांगणारी माणसे बहुधा समोरच्याच पक्षाची असतात.

याउलट एकाच ठेकेदाराने बार्ज आणि टग दोन्ही पुरवून माल अमुक धक्क्यावरून तमुक धक्क्यावर पोहोचवण्याचे काम घेतले असेल, तर तो करार वाहतुकीचा. अमेरिकेत १९२७ मध्ये सॅक्रामेंटो नदीवर बार्जसह बुडालेल्या जवाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, करार वाहतुकीचा असल्यामुळे टग आणि बार्ज मिळून एकच वाहन समजले. आपल्याकडे असा ठेकेदार करार कायद्याच्या कलम १४८ प्रमाणे मालाचा ताबेदार होतो आणि कलम १५१ प्रमाणे सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायची असते. माल परत देता आला नाही तर ती काळजी घेतली होती हे त्याने दाखवायचे. एखादी गोष्ट विशेषतः ज्याच्या माहितीतली असते ती त्यानेच सिद्ध करायची, हा साक्ष कायद्याचा नियमही (जुने कलम १०६, नव्या अधिनियमात कलम १०९) इथे उपयोगी पडतो.

प्रत्यक्षात सर्वाधिक आढळतो तो तिसरा प्रकार. तुमचा करार बार्जवाल्याशी होतो आणि तो परस्पर कुणाचा तरी टग लावतो. अशा वेळी बार्जवाला 'टग माझा नव्हता' म्हणून सुटत नाही. स्वीकारलेले काम दुसऱ्याकरवी केले तरी तुमच्यापुरता जबाबदार तोच. टगवाल्याशी तुमचा करार नसला तरी त्याच्यावर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो. टगवाल्याने मालाचा ताबाही घेतला होता असे दाखवता आले तर त्याला उपताबेदार म्हणूनही जबाबदार धरता येईल. मात्र १९९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील अपील न्यायमंडळाने) 'पायोनिअर कंटेनर' खटल्यात म्हटल्याप्रमाणे, पोटकंत्राट देण्यास तुमची संमती असेल तर त्या पोटकंत्राटातल्या अटी तुमच्याविरुद्धही लागू होऊ शकतात. म्हणून 'कोणत्याही अटींवर पोटकंत्राट देण्याची मुभा' असे कलम तुमच्या करारात आहे का, हे आताच पाहावे.

करार तोंडी किंवा केवळ वर्क ऑर्डरवर झाला असेल तर तो कोणत्या प्रकारचा, हे बिलांवरून ओळखता येते. दर टनामागे आकारला असेल आणि मालाची पावती दिली असेल तर कल वाहतुकीकडे जातो. दर टगच्या दिवसाला, तासाला किंवा फेरीला ठोक असेल आणि पावतीवर मालाचा उल्लेखच नसेल तर तो ओढण्याकडे जातो. जीएसटीच्या बिलावरील सेवेचे वर्णनही पाहावे. ठेकेदाराने ते कर वाचवण्याच्या हेतूने निवडलेले असते आणि दायित्वाचा विचार त्याच्या मनात नसतो, त्यामुळे ते अनेकदा फार बोलके निघते.

परदेशातून आलेल्या जहाजावरून नांगरतळावर माल बार्जमध्ये उतरवला असेल तर आणखी एक पेच येतो. हेग नियमांचे (समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) संरक्षण माल जहाजावर चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत असते, त्यामुळे बार्जचा टप्पा मूळ बिल ऑफ लेडिंगच्या बाहेर पडण्याचा संभव असतो. शिवाय १९२५ चा भारतीय कायदा भारतीय बंदरातून निघणाऱ्या मालाला लागू होता, येणाऱ्या मालाला नव्हे. अशा वेळी बार्ज कोणी नेमली, जहाजाच्या एजंटने की तुमच्या क्लिअरिंग एजंटने, हे आधी निश्चित करावे.

अंतर्देशीय जलमार्गांवर पूर्वी १८६५ च्या वाहक कायद्याचा मोठा आधार होता, कारण त्याच्या कलम ९ प्रमाणे वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरजच नव्हती. रस्तावाहतुकीच्या २००७ च्या कायद्याने तो रद्द केला, पण नवा कायदा केवळ रस्त्यापुरता केला. पाण्यावरचा सार्वजनिक वाहक त्यामुळे कायद्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत पडला आहे. सर्वांसाठी माल नेणाऱ्या वाहकाची जबाबदारी करार कायद्यापेक्षा कडक असते, हे प्रिव्ही कौन्सिलने १८९१ मध्ये इरावदी फ्लोटिला कंपनीच्या खटल्यात मान्य केले होते. तो मुद्दा दाव्यात पर्यायी म्हणून अवश्य मांडावा, केवळ त्याच्यावर विसंबू नये.

शेवटी, दावा लावणारे तुम्हीच योग्य पक्ष आहात का तेही तपासावे. निष्काळजीपणाच्या दाव्यासाठी नुकसानीच्या क्षणी माल तुमच्या मालकीचा किंवा ताब्यात असावा लागतो. नुसती जोखीम तुमच्याकडे आली होती एवढे पुरत नाही, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये 'अलियाकमॉन' खटल्यात ठरवले. विक्री व्यवहार अर्धवट असताना माल बुडाला असेल तर विक्रेता आणि खरेदीदार दोघांनी मिळून दावा लावणे सुरक्षित.

दोष कोणाचा

या प्रश्नावर सर्वांत शिकण्यासारखा खटला म्हणजे 'टी. जे. हूपर'. मार्च १९२८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून कोळशाने भरलेल्या बार्जची रांग घेऊन 'माँट्रोझ' आणि 'हूपर' हे दोन टग व्हर्जिनियाहून न्यूयॉर्ककडे निघाले. वाटेत वादळाने गाठले आणि १७ व ३० क्रमांकाच्या बार्ज कोळशासह बुडाल्या. वादळाची सूचना रेडिओवरून दिवसातून दोनदा प्रसारित होत होती. ती ऐकून इतर काही टग डेलावेअरच्या लाटरोधकामागे आसऱ्याला गेले होते. या दोन टगांवर मालकाने रेडिओ दिलेला नव्हता. तांडेलांचे स्वतःचे संच होते, पण ते नादुरुस्त होते. त्या काळी बहुतेक टगमालक रेडिओ देत नसत, असा बचाव झाला. १९३२ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी तो फेटाळला: सगळा धंदाच आवश्यक काळजी घेण्यात मागे पडलेला असू शकतो, तेव्हा धंद्याची रीत हा अंतिम निकष नव्हे. टग समुद्रप्रवासास अयोग्य ठरले, आणि बार्जही गळक्या असल्यामुळे त्याही अयोग्य ठरल्या. कोळशाच्या मालकांना टग आणि बार्ज दोघांकडूनही संपूर्ण नुकसान मागता आले. बार्जच्या मालकाला मात्र आपल्या बार्जच्या नुकसानीपैकी निम्मेच मिळाले.

आपल्या किनाऱ्यावरच्या मालमालकाने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, टग की बार्ज अशी निवड करू नये. दोघांनाही प्रतिवादी करावे आणि आपसातील वाटणी त्यांच्यावर सोडावी, कारण निर्दोष मालाच्या मालकाला दोघेही संपूर्ण रकमेसाठी जबाबदार ठरू शकतात. दुसरी, आज रेडिओच्या जागी हवामान विभागाची सागरी पत्रके, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे अंदाज आणि नॅव्हटेक्स (जहाजांना रेडिओवरून मिळणाऱ्या लेखी सूचना) आहेत. टग निघण्यापूर्वीच्या दोन दिवसांतील आणि प्रवासातील प्रत्येक पत्रक गोळा करून त्याच्यासमोर टगचे त्या वेळचे ठिकाण मांडावे. जवळ आसऱ्याची खाडी असताना टग पुढे का गेला, हा प्रश्न अशा तक्त्यातून आपोआप उभा राहतो. 'निसर्गाचा कोप' हा बचाव आधी सूचना मिळालेल्या वादळाला सहसा लागत नाही.

बार्जवर माणूस होता का, हेही पाहावे. ४ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क बंदरात पिठाने भरलेली 'अ‍ॅना सी' ही बार्ज, 'कॅरोल' या टगच्या माणसांनी दोर नीट न बांधल्यामुळे सुटली, एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि त्याच्या पंख्याने तळ फाटून पिठासह बुडाली. जवळच्या टगांकडे पंप होते, पण तळ फुटल्याचे सांगायला बार्जवर कोणीच नव्हते. तिचा राखणदार आदल्या संध्याकाळपासून गैरहजर होता. १९४७ च्या निकालात याच हँड यांनी बार्जमालकालाही दोषाचा वाटा उचलायला लावला. अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान हे काळजीच्या खर्चापेक्षा मोठे असेल तर काळजी न घेणे हा निष्काळजीपणा, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र याच खटल्यातले.

टगच्या बाजूने तपासायच्या बाबी ठरलेल्या आहेत: ओढण्याची ताकद बार्जच्या आकाराला पुरेशी होती का आणि तिचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे, दोराचे व शॅकलचे (दोर जोडणाऱ्या कडीचे) चाचणी प्रमाणपत्र, राखीव दोर होता का, तांडेलाचा परवाना त्या पाण्यासाठी वैध होता का, भरती-ओहोटीची वेळ आणि खाडीच्या तोंडावरचा वाळूचा बांध लक्षात घेतला होता का. मांडवीच्या तोंडावरील आग्वादच्या वाळूच्या बांधावरून जाणारी वाट पावसाळ्यात बंद झाल्यावर बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत जातात, हे गोव्यातल्या प्रत्येक बार्जवाल्याला ठाऊक असते. ज्याला ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती टग दिला असेल तर तो मालकाचा स्वतःचा दोष ठरतो. बार्जच्या बाजूने हॅचची झाकणे, तळाची शेवटची दुरुस्ती, भरलेल्या मालाचे वजन आणि त्याची मांडणी पाहावी. माल तुमच्याच माणसांनी चढवून बांधला असेल तर त्या बांधणीचा दोष तुमच्यावर येईल, हे गृहीत धरून ठेवावे.

इथे करार आणि दोष यांची सांगड घालणे आवश्यक आहे, कारण याच ठिकाणी चांगले दावे चुकीच्या दिशेने जातात. हेग नियमांखालील बिल ऑफ लेडिंग असेल तर तांडेलाने जहाज चालवताना केलेली चूक हा वाहकाला मिळणारा बचाव आहे, दोष नव्हे. म्हणजे ओढण्याच्या करारात जे सिद्ध केल्याने तुम्ही जिंकता, तेच इथे सिद्ध केल्यास वाहक सुटू शकतो. अशा वेळी भर दिला पाहिजे तो प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या दोषांवर: कुजलेला दोर, अपुरा टग, गळका तळ, अप्रशिक्षित खलाशी. प्रवासाला निघण्यापूर्वी नौका योग्य स्थितीत आणण्यासाठी रास्त तत्परता दाखवणे हे कर्तव्य वाहकाला टाळता येत नाही. आणि टगचा मालक वाहकाहून वेगळा असेल, तर चालवण्यातील चुकीसाठी त्याच्यावर स्वतंत्र दावा ठेवावा. बिल ऑफ लेडिंगमध्ये पोटकंत्राटदारांना संरक्षण देणारे कलम नाही ना, एवढे आधी वाचून घ्यावे.

सुटकेची कलमे

छापील टोइंग करारांचा रोख जवळजवळ नेहमीच टगवाल्याच्या बाजूने असतो. ब्रिटनच्या प्रमाणित अटींमध्ये टगचे खलाशी हे भाड्याने घेणाऱ्याचेच नोकर समजले जातात आणि टगच्या चुकीने झालेले नुकसानही त्याच्याच माथी येते. बिम्को या आंतरराष्ट्रीय जहाजवाहतूक संघटनेच्या टॉवकॉन आणि टॉवहायर या नमुन्यांत 'ज्याचे त्याने सोसायचे' असे तत्त्व आहे: टगचे नुकसान टगवाल्याचे, ओढल्या जाणाऱ्या नौकेचे नुकसान तिच्या बाजूचे, चूक कोणाचीही असो. ही कलमे वाचताना मालाचे नाव स्पष्टपणे आले आहे का आणि तुम्ही त्या कराराचे पक्ष आहात का, हे दोन प्रश्न विचारावेत. पक्ष नसाल तर ते कलम केवळ बार्जवाल्याला बांधते, तुम्हाला नव्हे.

पक्ष असलात तरी वाट संपत नाही. 'वेस्ट कॉक' या १९११ च्या इंग्रजी निकालात, प्रवास सुरू होण्याआधीच सदोष असलेल्या ओढण्याच्या सामानासाठी टगमालकाला सुटकेच्या कलमाने वाचवले नाही. 'कॅप पालोस' या १९२१ च्या निकालात, टगने काम अर्ध्यावर सोडून दिल्यावर ते कलम लागू झाले नाही. इंग्लंडमध्ये न्यायालये अशी कलमे काटेकोर वाचतात, पण शब्द स्पष्ट असतील तर पाळतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये 'बिसो' खटल्यात टगला स्वतःच्या निष्काळजीपणातून मोकळे करणारे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्दच ठरवले. भारतात कलम १५१ ची काळजी कराराने किती कमी करता येते याविषयी उच्च न्यायालयांचे सूर एकसारखे नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंचा युक्तिवाद तयार ठेवावा लागतो.

मुदती

हेग नियमांखालील दाव्याला माल पोहोचायला हवा होता त्या तारखेपासून एक वर्ष मिळते, आणि ते सरले की हक्कच संपतो. नुकसान वरवर दिसत नसेल तर सूचना ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावी लागते. इतर वाहकावरील दाव्यांना मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद १० आणि ११ खाली तीन वर्षे मिळतात. टगवर सागरी धारणाधिकार (मालक बदलला तरी नौकेला चिकटून राहणारा दाव्याचा हक्क) सांगायचा असेल तर तोही सामान्यतः एका वर्षात विझतो. कोणता नियम लागू होईल याची खात्री नसताना एकच तारीख वहीत लिहावी: एक वर्ष. तडजोडीची बोलणी चालू असली तरी समोरच्याकडून मुदतवाढ लेखी घ्यावी.

तीन लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या दाव्याला व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ही अट सक्तीची ठरवली आहे. तातडीचा अंतरिम आदेश, उदाहरणार्थ टगची जप्ती, मागायची असेल तर ती लागत नाही.

रकमेवरची मर्यादा

दोन वेगवेगळ्या मर्यादांची गल्लत होऊ देऊ नये. हेग-व्हिस्बी नियमांतील (हेग नियमांच्या सुधारित आवृत्तीतील) मर्यादा नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) किंवा किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जास्त असेल ती. एका एसडीआरचे मूल्य शंभर रुपयांच्या वर असल्याने कोळसा, खडी, क्लिंकर अशा मालाला ही मर्यादा प्रत्यक्षात कधी आडवी येत नाही. महागड्या यंत्राला मात्र येऊ शकते, आणि त्यासाठी बिल ऑफ लेडिंगवर किंमत जाहीर करणे हा उपाय आहे.

दुसरी मर्यादा जहाजाच्या आकारावर ठरते. १९७६ च्या आंतरराष्ट्रीय करारावरील १९९६ च्या प्रोटोकॉलप्रमाणे २,००० टनांपर्यंतच्या जहाजासाठी मालमत्तेच्या सर्व दाव्यांना मिळून मूळ मर्यादा १० लाख एसडीआर होती आणि २०१५ पासून ती आंतरराष्ट्रीय पातळीवर १५.१ लाख झाली. ३०० टनांखालील नौकांसाठी प्रत्येक देशाला वेगळी मर्यादा ठरवता येते, आणि बरेच टग त्याच आकाराचे असतात. दोष केवळ टगचा असेल तर मोजायचा तो टगचाच टनभार, बार्जचा त्यात मिळवायचा नाही, असे इंग्लंडमध्ये 'ब्रॅमली मूर' खटल्यात आणि अमेरिकेत १९१९ मध्येच ठरले आहे. मालकाने स्वतः, नुकसान होणार हे जाणून, बेफिकिरीने वर्तन केले असे सिद्ध झाले तरच ही मर्यादा तुटते, आणि ते सिद्ध करणे फार कठीण. म्हणूनही बार्जचा मालक प्रतिवादी म्हणून हवा: त्याची मर्यादा वेगळी मोजली जाते.

जप्ती आणि न्यायालय

टग हा पाण्यावर तरंगणारा आणि विकून टाकता येणारा मालमत्तेचा तुकडा आहे. त्याची कंपनी कित्येकदा कागदापुरती असते. म्हणून निकालाआधीच टग अडकवून हमी मिळवणे, हा मालाच्या मालकाच्या हातातला सर्वांत प्रभावी उपाय. २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी अधिकार मुंबई उच्च न्यायालयाकडे आहेत. या कायद्यात इंजिन नसलेली बार्जही 'जहाज' आहे, त्यामुळे टगप्रमाणे बार्जही जप्त करता येते. कलम ९ मध्ये, जहाजावर वाहिल्या जाणाऱ्या मालाच्या नुकसानीला धारणाधिकारातून वगळले आहे. पण तुमचा माल टगवर नव्हता, बार्जवर होता, त्यामुळे टगविरुद्धचा निष्काळजीपणाचा दावा या अपवादात बसत नाही असा युक्तिवाद करता येतो. तो टिकला तर टगची मालकी मधल्या काळात बदलली तरी दावा टगच्या मागे जातो.

यातली मोठी अडचण म्हणजे हा कायदा, केंद्र सरकारने अधिसूचना काढली नसेल तर, अंतर्देशीय जहाजांना लागू नाही. तेव्हा वकिलाकडे जाण्याआधीच टगचे आणि बार्जचे नोंदणी प्रमाणपत्र मिळवावे आणि नोंदणी मर्चंट शिपिंग कायद्याखाली आहे की अंतर्देशीय जहाजे कायद्याखाली, ते पाहावे. दुसऱ्या प्रकारात जप्तीचा मार्ग बंद असला तरी व्यावसायिक दावा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतील निकालपूर्व जप्ती उरते. ती मिळवण्यासाठी प्रतिवादी मालमत्ता लपवत किंवा हलवत असल्याचे दाखवावे लागते. करारात लंडनची लवाद-अट असेल तरी हमीपुरती टगची जप्ती मागता येते. चुकीची जप्ती केल्यास भरपाई देण्याची हमी न्यायालय तुमच्याकडून लिहून घेऊ शकते, म्हणून रक्कम फुगवू नये.

विमा

इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज म्हणजे मालाच्या विम्याची 'ए', 'बी' आणि 'सी' अशी प्रमाणित कलमे; त्यांपैकी सर्वांत अरुंद 'सी' कलमांतही नौका बुडणे, उलटणे आणि रुतणे यांचे संरक्षण आहे. लाटेने डेकवरून माल वाहून जाणे मात्र 'बी' आणि 'ए' मध्येच येते. बार्जवरचा माल सहसा उघड्या डेकवर असतो, तेव्हा 'सी' वर समाधान मानणे ही खोटी काटकसर ठरते. बार्ज प्रवासास अयोग्य असल्याचे तुम्हाला आधी ठाऊक होते असे दिसले तर दावा नाकारला जातो. त्यामुळे बार्ज पाहून आलेल्या तुमच्या पर्यवेक्षकाचा 'तळ गळतोय, पण चालेल' असा संदेश घातक ठरतो.

विमा कंपनीने पैसे दिल्यावर सागरी विमा कायदा १९६३ च्या कलम ७९ प्रमाणे तुमचे हक्क तिच्याकडे जातात. म्हणून तिच्या लेखी संमतीशिवाय टगवाल्याशी तडजोड करू नये, त्याला माफी देऊ नये आणि एक वर्षाची मुदत तिच्या भरवशावर सोडू नये. पॉलिसीतील कपातीची रक्कम आणि विमा न उतरलेला भाग यांचा दावा एकाच खटल्यात घालण्याची व्यवस्था तिच्याशी आधीच ठरवावी.

पुढच्या फेरीचा करार

नव्या वर्क ऑर्डरमध्ये पुढील बाबी लिहून घ्याव्यात: ठेकेदार माल धक्क्यापासून धक्क्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेत आहे; दुसऱ्याचा टग लावायचा तर लेखी परवानगी आणि त्याच्या अटींची प्रत; टगच्या ताकदीचे, दोराचे आणि तांडेलाचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वी; स्वतंत्र सर्व्हेअरने टग, बार्ज आणि मालाची बांधणी तपासून दिलेला दाखला; हवामानपत्रकात ठरावीक वाऱ्याच्या वर इशारा असेल तर न निघण्याचे बंधन आणि त्या थांब्याचे भाडे कोण देणार याची नोंद. ही शेवटची नोंद नसेल तर थांबण्याचा खर्च टाळण्यासाठी तांडेलावर निघण्याचा दबाव येतो. ठेकेदाराच्या दायित्व विम्यात मालाच्या नुकसानीचा समावेश आहे का, हे पॉलिसी मागवून पाहावे. 'विमा आहे' या तोंडी आश्वासनात तो बहुधा केवळ नौकेचा असतो.